वाढपी चोख आहे, पण पंगतीची यादी कुणी केली?

"शेड्युलर फेअर आहे." तक्रार बंद करायला डेटावाल्या कंपन्यांमध्ये हे वाक्य फार उपयोगी पडतं. तुमचा जॉब सकाळपासून रांगेत पडलाय, तुम्ही प्लॅटफॉर्म टीमला विचारायला जाता, आणि समोरचा शांतपणे सांगतो, "शेड्युलर फेअर आहे, तुमची पाळी आली की लागेल." यावर बोलणार काय? गणिताशी भांडता येत नाही.

मी पुण्यात अशाच एका प्लॅटफॉर्म टीममध्ये काम करतो. म्हणजे हे वाक्य ऐकवणाऱ्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसतो. आणि माझं म्हणणं असं आहे की हे वाक्य बऱ्याचदा खरं असतं, तरीही ते तक्रारीचं उत्तर नसतं. शेड्युलर वाटणी चोख करतो. पण वाटणी कुणाकुणात करायची, कुणाचं वजन किती धरायचं, कशाची मोजणी करायची, हे त्याला आधी कुणीतरी सांगितलेलं असतं. ते सांगणारी माणसं असतात, मीटिंगा असतात, कुणाची कुणाशी ओळख असते. सगळं मिटल्यावर त्यावर 'फेअर' असा शिक्का बसतो आणि मग त्या माणसांना कुणी काही विचारत नाही.

ज्यांचा या भानगडीशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. क्लस्टर म्हणजे शेकडो किंवा हजारो कंप्युटर जोडून केलेला सामायिक साठा. त्यावर एकाच वेळी नाना कामं चालतात. कुणी रात्रभराच्या व्यवहारांचे हिशेब जुळवतंय, कुणी मॉडेल शिकवतंय, कुणाला एका प्रश्नाचं उत्तर पाच मिनिटांत हवंय. या कामांसाठी वेगवेगळ्या सॉफ्टवेअर यंत्रणा असतात, हडूप, स्पार्क, एमपीआय वगैरे. त्यांना फ्रेमवर्क म्हणतात. आणि सीपीयू, मेमरी, आताशा जीपीयू, यांतलं कुणाला किती आणि केव्हा द्यायचं हे ठरवतो तो शेड्युलर. पंगतीतला वाढपी म्हणा.

पूर्वी यावर सोपा तोडगा होता: ज्याचं त्याचं क्लस्टर वेगळं. भाऊबंदकीत शेताचे तुकडे पाडतात तसं. परिणामही तोच. एका तुकड्यावर यंत्रं रिकामी बसलेली आणि शेजारच्या तुकड्यावर रांग दाराबाहेर. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात बेंजामिन हाइंडमन, मतेई झहारिया, अली घोडसी, आयन स्टॉइका वगैरे मंडळींनी यावर मेसॉस नावाची यंत्रणा काढली; तिच्यावरचा निबंध २०११ साली आला. कल्पना अशी की सगळ्या फ्रेमवर्कच्या खाली एक पातळ थर टाकायचा. तो थर प्रत्येकाला पाळीपाळीने विचारतो, 'एवढे सीपीयू आणि एवढी मेमरी मोकळी आहे, घेतोस का?' फ्रेमवर्क हो म्हणतं किंवा नाही म्हणतं. आपल्या कामाला काय सोयीचं हे त्यालाच कळतं, त्यामुळे निवड त्याची. पण आधी कुणाला विचारायचं, हा निर्णय खालच्या थराचा. खरी मेख तिथे आहे.

आधी कुणाला विचारायचं, याचं उत्तर त्याच वर्षी, त्याच परिषदेत, जवळपास त्याच लोकांच्या दुसऱ्या निबंधात आलं. त्याचं नाव डॉमिनंट रिसोर्स फेअरनेस, थोडक्यात डीआरएफ. ते समजून घेण्यासारखं आहे, कारण मी ज्याच्याशी भांडतोय ते हे गणित नव्हे. गणित फार सुंदर आहे.

एकच गोष्ट वाटायची असेल तर अडचण नाही. सगळ्यांना सारखं द्या, ज्याला कमी पुरतं त्याचं उरलेलं बाकीच्यांत पुन्हा सारखं वाटा. नेटवर्कवाल्यांना ही पद्धत जुनी परिचयाची. डीआरएफच्या लेखकांपैकी स्कॉट शेंकर यांनी १९८९ सालीच डेमर्स आणि केशव यांच्याबरोबर नेटवर्कमधल्या न्याय्य रांगांवर लिहिलं होतं. पण क्लस्टरमध्ये वाटायच्या गोष्टी अनेक, आणि प्रत्येकाची भूक वेगळी. सुरुवातीच्या हडूपने यावर काय केलं? प्रत्येक मशीनचे ठरावीक 'स्लॉट' पाडले आणि स्लॉट मोजून वाटले. एकाच्या टास्कला अर्धा जीबी मेमरी लागो की दुसऱ्याच्या टास्कला चार जीबी, दोघांचा हिशेब एक स्लॉट. एकाला पातेलं छोटं, दुसऱ्याला मोठं, पण वाटी एकच.

डीआरएफ म्हणतं, प्रत्येकाची मुख्य भूक कशाची ते आधी बघा. निबंधातलंच उदाहरण घेऊ. एकूण ९ सीपीयू आणि १८ जीबी मेमरी आहे. 'अ'च्या एका टास्कला १ सीपीयू आणि ४ जीबी लागते. 'ब'च्या एका टास्कला ३ सीपीयू आणि १ जीबी. 'अ'चं एक टास्क एकूण सीपीयूचा नववा भाग खातं, पण मेमरीचा दोन नवमांश. म्हणजे त्याची मुख्य भूक मेमरीची. 'ब'चं एक टास्क सीपीयूचा एक तृतीयांश खातं, मेमरी नगण्य. म्हणजे त्याची मुख्य भूक सीपीयूची. आता दोघांचे हे मुख्य वाटे सारखे करा. 'अ'ला ३ टास्क, 'ब'ला २. 'अ'कडे दोन तृतीयांश मेमरी, 'ब'कडे दोन तृतीयांश सीपीयू. हेच क्लस्टर मधोमध चिरून दिलं असतं तर 'अ'ची २ टास्क बसली असती आणि 'ब'चं एकच. म्हणजे एकत्र राहण्यात दोघांचाही फायदा.

यावर त्यांनी चार गोष्टी सिद्ध केल्या. वेगळं राहण्यापेक्षा एकत्र राहण्यात तोटा नाही. खोटी मागणी लावून फायदा होत नाही. कुणालाच दुसऱ्याच्या ताटाचा हेवा वाटायचं कारण नाही. आणि दुसऱ्याचं कमी केल्याशिवाय कुणाला जास्त देता येणार नाही इतकी वाटणी घट्ट बसते. यातली दुसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, कारण लोक काय काय करतात याचे किस्से त्या निबंधातच आहेत. याहूच्या एका हडूप क्लस्टरमध्ये मॅप आणि रिड्यूस अशा दोन प्रकारच्या कामांचे स्लॉट वेगळे होते. एकाच्या लक्षात आलं की मॅपच्या स्लॉटसाठी मारामारी आहे, रिड्यूसचे मोकळे पडलेत. पठ्ठ्याने आपली मॅपची सगळी कामं रिड्यूसच्या वेषात आत घुसवली. दुसऱ्या एका मोठ्या सर्च कंपनीत नियम होता की स्वतंत्र मशीन हवी असतील तर ती भरपूर वापरात ठेवण्याची हमी द्या. लोकांनी कोडमध्ये जागोजागी कधीच न संपणारी लूप घालून ठेवली. मशीन रात्रंदिवस राबतंय, काम शून्य, नियम पाळलेला. अनुदानासाठी कागदोपत्री शेततळं दाखवणारे लोक आपल्याकडेच असतात असं वाटत असेल, तर तो गैरसमज दूर व्हावा.

तेव्हा डीआरएफने एका खऱ्या दुखण्यावर औषध दिलं हे मान्यच. आता पुढचं.

त्या सगळ्या सिद्धता 'समजा, इतके इतके वापरकर्ते आहेत' इथून सुरू होतात. वापरकर्ता म्हणजे कोण, हे सिद्धतेच्या बाहेर ठरतं. यार्न या हडूपच्या शेड्युलिंग यंत्रणेतला फेअर शेड्युलर घ्या. तुम्ही काही वेगळं सांगितलं नाहीत तर तो प्रत्येक युजरनेमची एक रांग धरतो आणि रांगांमध्ये सारखं वाटतो. आता एका टीममध्ये दहा जण आपापल्या लॉगिनने जॉब टाकतात. दुसऱ्या टीममध्येही दहा जण आहेत, पण सुरक्षेच्या नियमामुळे सगळे एका सामायिक सर्व्हिस अकाउंटने टाकतात. पहिल्या टीमला दहा वाटे, दुसरीला एक. शेड्युलरने काडीची चूक केलेली नाही. त्याच्यासमोर अकरा पानं मांडली होती, त्याने अकरा पानांवर सारखं वाढलं. मेसॉसमध्ये वाटणी 'रोल'नुसार होते. रोल कुणाला द्यायचा, दोन टीमना मिळून एक की प्रत्येकीला एक, हे क्लस्टर चालवणारा ठरवतो. खोटी मागणी लावून फायदा होत नाही हे खरं. पण एकाचे दोन होऊन दोन पानांवर बसलात तर त्या सिद्धतेकडे उत्तर नाही.

हा प्रश्न कंप्युटरवाल्यांना नवा वाटतो. पाणी वाटणाऱ्यांना तो नवा नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत सुरू केली. तिथे वाटपाची रीत बदलली ती एका ठिकाणी: पाण्याचा हक्क जमिनीला न देता माणसाला दिला. घरात माणसं किती, त्यावर पाणी. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, आणि भूमिहीनालाही वाटा. ऊस लावायचा नाही. पाणी तेवढंच होतं. पाळी लावण्याची अक्कल आधीही गावात होतीच. पण पाळी कुणाच्या नावाने लावायची हे बदललं की सगळंच बदलतं, आणि हा बदल कुठल्याही सूत्रातून निघत नाही. तो गावाने बसून, भांडून करायचा असतो. आपल्या ऑफिसांमध्ये तो सेटअपच्या दिवशी, डीफॉल्ट न बदलता, 'नेक्स्ट' दाबताना होतो.

डीफॉल्टवरून आठवलं. याच यार्नमधले दोन्ही प्रसिद्ध शेड्युलर, फेअर आणि कपॅसिटी, तुम्ही मुद्दाम बदल केला नाहीत तर वाटणीच्या हिशेबात फक्त मेमरी धरतात. सीपीयू मोजतच नाहीत. डीआरएफ त्यात आहे, पण ते चालू करावं लागतं. ज्याचं काम मेमरीला हलकं आणि सीपीयूला जड, त्याचं इथे फावतं. ज्याला मेमरी जास्त लागते तो बिचारा सगळ्यांत खादाड ठरतो. असे क्लस्टर मी पाहिलेत जिथे पाठीमागे हेच डीफॉल्ट चालू होतं आणि पुढे प्रेझेंटेशनमध्ये 'मल्टी-रिसोर्स फेअरनेस' असं लिहिलेलं होतं. ते लिहिणाऱ्याला खोटं बोलायचं नव्हतं. त्याने ती फाइल उघडूनच पाहिली नव्हती.

आणि मग वजनं. सगळे सारखे नसतात हे मला कळतं. पगाराची प्रक्रिया आणि कुणाचा तरी प्रयोग यांना एका मापाने मोजणं शहाणपणाचं नाही. म्हणून प्रत्येक रांगेला वजन देता येतं. काही न लिहिल्यास १. वजन ६ आणि वजन १ अशा दोन रांगा एकाच वेळी भरल्या, तर सातातले सहा भाग पहिलीला. हे आकडे एका साध्या एक्सएमएल फाइलमध्ये असतात, आणि फेअर शेड्युलर ती फाइल दर १० सेकंदांनी पुन्हा तपासतो. म्हणजे यंत्र दर १० सेकंदांनी नवा निर्णय ऐकायला कान टवकारून बसलंय. माणसं वर्षानुवर्षं काही सांगत नाहीत.

माझ्या एका जुन्या नोकरीत एका रांगेचं वजन ६ होतं. चौकशी केली तेव्हा कळलं की काही वर्षांपूर्वी एक मोठं स्थलांतर चालू होतं, तेवढ्यापुरतं वाढवलं होतं. स्थलांतर संपलं, ती टीम फुटली, तिचं नाव बदललं, तिची रांग तिसऱ्याच लोकांच्या हाती गेली, वजन राहिलं. त्या लोकांना ते आहे हेही माहीत नव्हतं. त्यांना एवढंच ठाऊक की आपले जॉब झटपट होतात, म्हणजे आपण कोड चांगला लिहितो. दुसऱ्या टोकाला ग्राहकांच्या तक्रारींचं विश्लेषण करणाऱ्या तिघीजणींची टीम होती, वजन १. त्यांचा सकाळचा रिपोर्ट नऊला अपेक्षित असायचा, यायचा साडेअकराला. वर्षाच्या शेवटी त्यांच्या अप्रेझलमध्ये 'वेळेवर काम पूर्ण होत नाही' असं लिहून आलं. त्यांच्यातली एक आमच्याकडे विचारायला आली होती. तिला काय सांगितलं गेलं ते या लेखाच्या पहिल्या वाक्यात आहे.

माझा राग आहे तो यावर. वजन ६ ठेवणं चूक की बरोबर हा वादाचा विषय होऊ शकला असता. 'आम्हाला ही टीम सहापट महत्त्वाची वाटते' असं कुणी तोंडावर सांगितलं असतं तर तिला वरच्यांशी भांडता आलं असतं, निदान अप्रेझलमध्ये ते मांडता आलं असतं. पण 'फेअर' म्हटल्यावर भांडणाची जागाच नाहीशी होते. उशीर तिचा ठरतो.

इथे प्लॅटफॉर्मवाल्या मित्रांचं नेहमीचं उत्तर येतं: "मग काय, जुने दिवस परत आणायचे? ज्याचा मॅनेजर मोठ्याने ओरडेल त्याचा जॉब आधी?" नाही. ते दिवस मी पाहिलेत, बळी तो कान पिळी असा कारभार होता. शेड्युलरमुळे तो ओरडा रोजच्या रोज होणं थांबलं, ही त्याची मोठी कमाई आहे. पण ओरडा बंद झाला असं कुणी समजू नये. तो आता वर्षातून एकदा, वजनं ठरताना होतो, आणि त्या खोलीत तिघीजणींच्या टीमला बोलावत नाहीत. वाढपी ओळखीचा असण्याची गरज उरली नाही. यादी करणारा ओळखीचा असला की पुरतं.

दुसरा गट याहून रोखठोक आहे. त्यांचं म्हणणं, फेअरनेस वगैरे विद्यापीठातले लाड. पैसे मोजा, कोटा घ्या. यांचं दैवत म्हणजे गूगलचा बोर्ग. २०१५ साली बोर्गवर जो निबंध आला त्यात स्वच्छ लिहिलंय की कोट्याच्या पद्धतीमुळे डीआरएफसारख्या धोरणांची गरज कमी होते. टीम आधीच कोटा विकत घेतात, प्रत्येक जॉबला प्राधान्याचा आकडा असतो, वरच्या प्राधान्याचा जॉब खालच्याला उठवून त्याची जागा घेऊ शकतो. खरं सांगायचं तर या स्पष्टपणाचा मला आदर वाटतो. इथे कुणी गणिताच्या आड लपत नाही. वाटणी बाजारात आणि नियोजनाच्या बैठकीत होते हे उघड सांगतात. पण त्याच निबंधात एक तपशील आहे तो वाचून मला हसू आवरलं नाही. प्राधान्य शून्यवर प्रत्येकाला अमर्याद कोटा आहे! फक्त तिथे इतकी गर्दी असते की तो वापरायला मिळणं अवघड. सर्वांसाठी मोफत, उपलब्धतेनुसार. असे बोर्ड आपण सरकारी दवाखान्यात वाचलेत. आणि पैसे मोजणारे तरी नेमकं मोजून घेतात का? तेही नाही. पुढे तुटवडा पडेल या धास्तीने लोक लागतो त्याहून जास्त कोटा घेऊन ठेवतात, हेही बोर्गच्याच लेखकांनी नोंदवलंय.

ही धास्ती सगळीकडे आहे. २०१४ साली स्टॅनफर्डच्या क्रिस्टिना डेलिमिट्रू आणि क्रिस्टोस कोझिराकिस यांनी ट्विटरच्या मेसॉसवर चालणाऱ्या एका मोठ्या क्लस्टरचे आकडे छापले. राखीव ठेवलेला सीपीयू ८० टक्क्यांपर्यंत, प्रत्यक्ष वापर सतत २० टक्क्यांच्या खाली. म्हणजे ताटं वाढलेली, माणसं जेवत नाहीत, आणि दाराशी रांग. इथे डीआरएफ काय करणार? ते मागणी वाटतं, वापर वाटत नाही. मागणी खोटी लावण्यात फायदा नाही हे त्याने सिद्ध केलं. पण माणूस फायद्यासाठीच जास्त मागतो असं कुणी सांगितलं? आपला जॉब मेमरी संपून मध्यरात्री मेला तर सकाळी बोलणी आपल्याला बसतील, म्हणून तो दुप्पट मागून ठेवतो. त्याला लबाड म्हणता येणार नाही. तो घाबरलेला आहे. ज्या कंपनीत जॉब मेल्याची शिक्षा आहे आणि जास्त मागितल्याची नाही, तिथे कुठलंही सूत्र लावा, आकडे असेच येणार.

आणखी एक गोष्ट मला सलते ती काळाची. डीआरएफला स्मृती नाही. आत्ता या क्षणी कुणाकडे किती आहे एवढंच ते पाहतं. गेला महिनाभर तुम्ही काहीच वापरलं नाही, सगळं इतरांना वापरू दिलं, आणि आज प्रबंध जमा करायच्या आदल्या दिवशी तुम्हाला भरपूर हवंय, तरी तुम्ही आणि महिनाभर क्लस्टर ओरबाडणारा, दोघं सारखे. एकत्र कुटुंबात सुद्धा असा हिशेब कुणी करत नाही. 'तिने दिवाळीत काही घेतलं नव्हतं' हे घरात कुणाच्या तरी लक्षात असतं. यावर उपाय आहेत, नाहीत असं नाही. २०२३ मध्ये 'कर्म' नावाची एक पद्धत मांडली गेली: आज आपला वाटा सोडलात तर क्रेडिट जमा होतं, उद्या अडचणीला ते वापरता येतं. (नाव कुणी सुचवलं असेल हे ओळखायला फार डोकं लागत नाही.) सुपरकंप्युटरवाल्यांकडे तर हे जुनंच आहे. आपल्याकडच्या राष्ट्रीय मोहिमेतली परम यंत्रं ज्या स्लर्म नावाच्या शेड्युलरवर चालतात, त्यात मागच्या वापराची आठवण ठेवायची सोय आहे; ती आठवण हळूहळू पुसट होते, डीफॉल्ट हिशेबाने दर ७ दिवसांनी निम्मी. पण निम्मी ७ दिवसांत व्हावी की ३० दिवसांत, हा पुन्हा माणसाने भरायचा आकडा. सात दिवस ठेवलेत तर सतत थोडंथोडं वापरणाऱ्याचं भलं, की वर्षातून दोनदा झडप घालणाऱ्याचं? जी पीएचडीची विद्यार्थिनी त्या रांगेत उभी आहे तिच्यासाठी हा तांत्रिक तपशील नाही, तिचं सहामाहीचं वेळापत्रक आहे. तिच्या विभागात हा आकडा किती आहे हे तिला ठाऊक असावं, एवढी साधी अपेक्षा.

लहानांना आधी सोडा म्हटलं की 'परवडणार नाही' हे उत्तर तयार असतं. ते कितपत खरं आहे? गूगलने बोर्गच्या नोंदींचा दुसरा संच खुला केला आणि त्यावर २०२० साली अभ्यास आला. त्यातला आकडा डोळे विस्फारणारा आहे: सगळ्यांत मोठे १ टक्का जॉब ९९ टक्क्यांहून जास्त साधनं वापरतात. उरलेले ९९ टक्के जॉब मिळून १ टक्काही खात नाहीत. त्या निबंधात पहिल्यांना डुकरं म्हटलंय आणि दुसऱ्यांना उंदीर. आता विचार करा, सगळ्या उंदरांना रांगेच्या पुढे सोडलं तर डुकरांचं किती कमी होईल? जवळपास काहीच नाही. आणि उंदरांचं थांबणं मात्र जवळपास संपेल. हे सगळ्या क्लस्टरांवर याच प्रमाणात लागू होईल असं मी म्हणत नाही, पण मी जिथे जिथे नोंदी काढून पाहिल्या तिथे चित्राचा कल हाच होता. तिघीजणींचा साडेअकराचा रिपोर्ट नऊला आणायला नवं मशीन लागणार नव्हतं.

सध्या हा वाद जुना झाला असं काहींना वाटतं. मेसॉसची सद्दी संपली, २०२१ मध्ये तर ते अपाचेच्या अडगळीत टाकायचा ठरावही आला होता (तेव्हा मागे घेतला गेला). मैदान कुबरनेटीसने मारलं. पण कुबरनेटीसचा मूळ शेड्युलर टीम-टीममधल्या न्यायाच्या भानगडीत पडतच नाही. प्राधान्य बघतो, मग आधी आला त्याला आधी. वाटणी करायची तर प्रत्येक नेमस्पेसला ठोक कोटा बांधून द्या, म्हणजे पुन्हा शेताचे तुकडे! ज्या दुखण्यावर दहा-पंधरा वर्षांपूर्वी औषध शोधलं होतं तेच दुखणं नव्या नावाने अंगावर घेतलंय. आणि जीपीयू महाग झाल्याबरोबर लोकांना औषध आठवलं. कुबरनेटीसवर बसणाऱ्या व्होल्कॅनो आणि क्यू या जोडयंत्रणांमध्ये आता डीआरएफचाच विचार परत आलाय. म्हणजे 'आमचा शेड्युलर फेअर आहे' हे वाक्य येत्या काही वर्षांत जास्त ऐकू येणार, आणि यावेळी रांगेत मॉडेल शिकवणारी कॉलेजची पोरंही असणार.

मला काय हवंय ते फार मोठं नाही. 'फेअर' हा शब्द वापरायचा तर त्याच्याबरोबर यादीही दाखवा: किती पानं मांडली, कुणाच्या नावाने, कुणाचं वजन किती आणि कशासाठी. कोण किती वेळ थांबलं हे टीमनिहाय छापा; वापर किती टक्के झाला याचे रंगीत आलेख छापता तसेच. वाढवलेल्या वजनाला मुदत असू द्या, संपली की १ वर यावं, पुन्हा हवं असेल तर पुन्हा येऊन मागावं. यात नवं गणित काहीच नाही. म्हणूनच बहुधा यावर कुणी निबंध लिहीत नाही.

आमच्या सध्याच्या क्लस्टरची फाइल माझ्या हातात आली तेव्हा तिच्यात सात रांगा होत्या. गेल्या महिन्यात मी प्रत्येक वजनाच्या वर एकेक कॉमेंट लिहायला घेतली: कुणी मागितलं, कधी, का, आणि पुन्हा केव्हा बघायचं. तिघांची उत्तरं मिळाली. चार वजनांबद्दल कुणालाच काही आठवेना. मॅनेजरला नाही, ज्यांच्या रांगा त्यांनाही नाही. तिथे मी 'कारण माहीत नाही' असं लिहिलं, आणि फाइल सगळ्या कंपनीला वाचता येईल अशी ठेवली. दुपारपर्यंत पाच मेल आले होते. दोघांना आपलं वजन वाढवून हवं होतं. एकाला विचारायचं होतं की ही फाइल आधी का दाखवली नाही. उरलेल्या दोघांनी शेजारच्या रांगेचा आकडा लाल रंगात गोल करून पाठवला होता, सोबत एक शब्दही न लिहिता.